भिंतीला चिकटलेला धातू आणि पेशीला मारणारा धातू : जिवाणूंच्या आवरणावरचा प्रयोग कसा करावा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी. प्रकल्पांमध्ये एक विषय हमखास भेटतो. कारखान्याच्या सांडपाण्यातून किंवा आसपासच्या मातीतून एखादा जिवाणू वेगळा करायचा, तो शिसे, कॅडमियम किंवा तांबे किती धरून ठेवतो हे मोजायचे, आणि पुष्कळ धरतो म्हणून तो त्या धातूला प्रतिरोधक आहे असा निष्कर्ष काढायचा. यातील मोजमाप बहुतेक वेळा प्रामाणिक असते. घोटाळा शेवटच्या पायरीत होतो. जिवाणूच्या आवरणाने धातू बांधून ठेवणे ही एक घटना आहे आणि त्या धातूने पेशीला बाधा होणे ही दुसरी. दोन्हींमध्ये आवरणाचा हात असतो, पण वेगवेगळ्या रीतीने. म्हणून हे दोन प्रयोग वेगवेगळे कसे मांडावेत, त्यांत कुठे फसगत होते आणि शेवटी दोन्ही आकडे एकमेकांसमोर कसे ठेवावेत, हे या लेखात सविस्तर सांगितले आहे.

हा फरक जुन्या नोंदींतूनही दिसतो. टेरन्स बेव्हरिज आणि आर. जी. ई. मरे यांनी १९७६ साली बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या भित्तिका वेगळ्या काढून त्या निरनिराळ्या धातूंच्या विरल द्रावणांत ठेवल्या. मॅग्नेशियम, लोह आणि तांबे या भित्तिकांनी भरपूर घेतले, जस्त व निकेल मध्यम प्रमाणात घेतले, तर पारा, शिसे आणि चांदी अगदी थोडी घेतली. सोन्याच्या क्लोराइडच्या द्रावणात तर भित्तिकेवर शुद्ध सोन्याचे सूक्ष्म स्फटिक वाढलेले आढळले. आता याच्या शेजारी डिट्रिश नीस यांनी १९९९ साली दिलेला एश्चेरिशिया कोलायचा तक्ता ठेवावा. त्यात वाढ थांबवणारी किमान मात्रा पाऱ्यासाठी ०.०१ मिलिमोलर, चांदीसाठी ०.०२, कॅडमियमसाठी ०.५, तांबे, जस्त आणि निकेल यांच्यासाठी प्रत्येकी १ आणि मँगनीजसाठी २० मिलिमोलर अशी आहे. दोन्ही तक्त्यांतील जिवाणू वेगळे आहेत, हे खरे. तरीही भिंत ज्या पाऱ्याला जेमतेम हात लावते तोच सर्वांत घातक ठरतो आणि जे तांबे ती भरभरून घेते ते त्याच्या शंभरपट मात्रेपर्यंत सहन होते, एवढे पाहिल्यावर चिकटण्यावरून विषारीपणाचा अंदाज बांधण्याचा मोह आवरायला हरकत नाही.

आवरणात धातूला धरणारे काय असते

ग्रॅम-धन (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग धरणाऱ्या) जिवाणूच्या पेशीपटलाबाहेर पेप्टिडोग्लायकॅनचा, म्हणजे भिंतीच्या मुख्य द्रव्याचा, जाड थर असतो आणि त्यात टायकोइक आम्लांच्या साखळ्या गुंफलेल्या असतात. पेप्टिडोग्लायकॅनमधील ग्लुटामिक आम्लासारख्या घटकांकडून कार्बोक्सिल गट मिळतात, टायकोइक आम्लाकडून फॉस्फेट गट मिळतात, आणि फॉस्फेटचा तुटवडा असताना बॅसिलस सबटिलिस टायकोइकच्या जागी कार्बोक्सिलयुक्त टायक्युरोनिक आम्ल बनवतो. म्हणजे एकाच प्रजातीची भिंत माध्यम बदलले की बदलते. ही बाब प्रकल्प अहवालात सहसा नोंदलीच जात नाही. पेशी कोणत्या माध्यमात आणि किती तास वाढवल्या हे लिहिल्याशिवाय धातूचा कोणताही आकडा अर्धवटच राहतो.

ग्रॅम-ऋण (तो जांभळा रंग न धरणाऱ्या) जिवाणूत पेप्टिडोग्लायकॅनचा थर अगदी पातळ असतो, पण त्याच्या बाहेर आणखी एक पटल असते. या बाह्यपटलाच्या बाहेरच्या अंगाला लिपोपॉलिसॅकराइडचे (मेद आणि शर्करा यांच्या जोडाचे) रेणू दाटीने उभे असतात. त्यांच्या मुळाशी असलेले फॉस्फेट आणि कार्बोक्सिल गट ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात, आणि त्यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम मॅग्नेशियम व कॅल्शियमचे आयन करतात. जड धातूचा आयन येतो तेव्हा तो रिकाम्या जागेवर बसतोच असे नाही. पुष्कळदा तो मॅग्नेशियमला उठवून त्याची जागा घेतो, आणि तसे झाले की पटलाची घडी विस्कटू शकते. चिकटणे आणि बाधा होणे यांचा खरोखर थेट संबंध जिथे असतो, त्या थोड्या जागांपैकी ही एक आहे.

या गटांचे वागणे सामूवर अवलंबून असते. जेरेमी फाइन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली बॅसिलस सबटिलिसच्या पृष्ठभागाचे अनुमापन करून तीन प्रकारच्या जागा मानल्या : सुमारे ४.८ सामूजवळ प्रोटॉन सोडणारे कार्बोक्सिल गट, ६.९ च्या जवळ सोडणारे फॉस्फेट गट आणि ९.४ च्या जवळ सोडणारे हायड्रॉक्सिल गट. यावरून प्रयोगाच्या दृष्टीने एक साधी गोष्ट निघते. सामू ३ असताना बहुतेक जागा प्रोटॉनने अडवलेल्या असतात, ५ वर कार्बोक्सिल मोकळे होतात, ७ वर फॉस्फेटही मोकळे होऊ लागतात. तेव्हा "या जिवाणूची शिसे बांधण्याची क्षमता अमुक" असे वाक्य सामू न सांगता लिहिणे म्हणजे ओझे न सांगता गाडीचा वेग सांगण्यासारखे आहे. क्रोमेट आणि आर्सेनेट यांची गोष्ट निराळी. ते स्वतःच ऋणभारित असल्यामुळे या जागांना फारसे चिकटत नाहीत, आणि सल्फेट व फॉस्फेटच्या वाहक प्रथिनांच्या वाटेने सरळ आत शिरतात. त्यांच्यासाठी पुढची पद्धत जशीच्या तशी वापरू नये.

पेशी तयार करणे

तुलनेसाठी बॅसिलस सबटिलिस आणि एश्चेरिशिया कोलाय के-१२ ही जोडी सोयीची आहे, कारण दोन्हींविषयी भरपूर माहिती उपलब्ध आहे. के-१२ च्या लिपोपॉलिसॅकराइडवर ओ-प्रतिजनाची, म्हणजे बाहेरच्या टोकाची, लांब शर्करा-साखळी नसते, हे मात्र लक्षात ठेवावे. रानातून आणलेला कोलाय याच्यासारखाच वागेल असे नाही. बॅसिलस घेताना पेशी वाढीच्या घातांकी टप्प्याच्या अखेरीस काढून घ्याव्यात. कल्चर रात्रभर तसेच राहिले तर बीजाणू तयार होऊ लागतात आणि त्यांचा पृष्ठभाग अगदी वेगळा असतो. मॅलाकाइट ग्रीनने एक स्लाइड रंगवून पाहायला पंधरा मिनिटे पुरतात, आणि ती पंधरा मिनिटे वाचवून पुढचा आठवडा वाया घालवण्यात अर्थ नाही.

पेशी सेंट्रिफ्यूज करून खाली बसवाव्यात आणि ०.१ मोलर सोडियम नायट्रेटच्या द्रावणाने तीनदा धुवाव्यात. हे द्रावण लिटरला ८.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट घालून बनते. येथे हाताच्या सवयीने दोन चुका होतात. पहिली म्हणजे फॉस्फेट बफर वापरणे. शिशाचे फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते साक्याच्या रूपाने खाली बसते आणि सेंट्रिफ्यूजमध्ये पेशींबरोबर पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या गोळ्यात) जाते. माझ्याकडे एका विद्यार्थिनीने मोठ्या आनंदाने ९८ टक्के शिसे शोषले गेल्याचा आलेख आणला होता. पेशी न घातलेली नळी कुठे आहे असे विचारल्यावर तिने ती रॅकमधून काढून खिडकीकडे धरली, तर तळाशी पांढऱ्या धाग्यांचा ढग तरंगत होता. पेशींशिवायच जवळपास सगळे शिसे खाली बसले होते. आलेख बाद झाला, पण तिने त्या नळीचे छायाचित्र प्रबंधात लावले, आणि मला तरी त्या प्रबंधातील ते सर्वांत उपयोगी पान वाटते.

दुसरी चूक म्हणजे ०.८५ टक्के सलाइनने धुणे. चांदीच्या बाबतीत क्लोराइडमुळे चांदीचे क्लोराइड साकळते, हे शाळेपासून माहीत असते. परंतु कॅडमियम आणि पारा यांच्या बाबतीत काहीच दिसत नाही आणि तरी गडबड होते. क्लोराइड त्यांच्याशी विद्राव्य संकुले बनवते. सलाइनइतक्या तीव्रतेत बहुतांश कॅडमियम क्लोराइडशी जोडले जाते, आणि भिंतीला चिकटायला मोकळा आयन थोडाच उरतो. नायट्रेट किंवा परक्लोरेट धातूंशी फारसे जुळत नाहीत, म्हणून त्यांची निवड करायची. सामू स्थिर ठेवण्यासाठी बफर लागलाच तर मॉप्स किंवा पाइप्स हे बफर वापरावेत. ट्रिस हा नेहमीचा बफर तांब्याला धरतो.

काही जण पेशींवर आधीपासून बसलेले धातू काढून टाकण्यासाठी ईडीटीएने (धातूंचे आयन घट्ट पकडणाऱ्या रसायनाने) धुतात. ग्रॅम-धन जिवाणूसाठी हे चालून जाते. ग्रॅम-ऋण जिवाणूसाठी मात्र ते धोक्याचे आहे, कारण ईडीटीए नेमके तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेते ज्यांनी बाह्यपटल बांधलेले असते. लोरेटा लीव्ह यांनी १९६५ सालीच दाखवले की ईडीटीएच्या थोड्या वेळाच्या प्रक्रियेनेही कोलायच्या लिपोपॉलिसॅकराइडचा मोठा भाग सुटून द्रावणात येतो. म्हणजे ज्या आवरणाचा अभ्यास करायचा तेच धुऊन टाकल्यासारखे होते.

शेवटच्या धुण्यानंतर पेशींचा दाट घोळ बनवून त्यातील ठरावीक मि.लि. आधी तोलून ठेवलेल्या बशीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत, आणि तेवढ्याच मीठ-द्रावणाची दुसरी बशी वाळवून ते वजन वजा करावे. मिठाचे वजन वजा करायचे राहून गेल्याने शुष्क वजन फुगलेले मी अनेकदा पाहिले आहे; ०.१ मोलर सोडियम नायट्रेटमध्ये लिटरला साडेआठ ग्रॅम मीठ असते आणि पेशी बहुधा त्याहून कमीच असतात.

चिकटणे मोजणे

धातूंची मूळ द्रावणे लिटरला १००० मि.ग्रॅ. धातू या हिशेबाने बनवावीत. त्यासाठी लेड नायट्रेट १.५९८ ग्रॅम, कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक ३.९२९ ग्रॅम, आणि चार पाणी-रेणू असलेले कॅडमियम नायट्रेट २.७४४ ग्रॅम घ्यावे. भांडी पॉलिप्रॉपिलीनची असावीत आणि १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने नीट धुतलेली असावीत. काच टाळावी, कारण काचेच्या पृष्ठभागावरही धातू बसतो आणि विरल द्रावणांत हा तोटा नगण्य नसतो.

प्रत्यक्ष मांडणी साधी आहे. २५ मि.लि. द्रावणात २५ मि.ग्रॅ. शुष्क वजनाइतक्या पेशी, धातू लिटरला १० मि.ग्रॅ., सामू ५, तापमान २५ अंश आणि संथ हलवणे, अशी एक मुख्य नळी. तिच्याबरोबर पेशी नसलेली पण बाकी सगळे तसेच असलेली नळी, आणि धातू नसलेली पण पेशी असलेली नळी, या दोन्ही अनिवार्य आहेत. प्रत्येकीच्या तीन प्रती ठेवाव्यात. सामू विरल नायट्रिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांनी लावावा आणि प्रयोगाच्या शेवटी पुन्हा मोजावा. धातू बसताना प्रोटॉन सुटतात, त्यामुळे ५ ला लावलेला सामू पाऊण-एक अंकाने घसरलेला सापडू शकतो, आणि अहवालात लिहायचा तो शेवटचा सामू.

सामूची मालिका करायची असेल तर २ पासून अर्ध्या-अर्ध्या अंकाने वर जावे. शिसे आणि तांबे यांसाठी ६ च्या वर जाऊ नये, कारण त्यापुढे हायड्रॉक्साइड आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट साकळण्याची शक्यता वाढते आणि भिंतीचे काम कोणते व साक्याचे कोणते हे सांगता येत नाही. कॅडमियम अधिक वर, ८ च्या आसपासपर्यंत, द्रावणात टिकते. म्हणूनच सामूचा परिणाम पाहण्यासाठी तो धातू उत्तम. पृष्ठभागावर बसण्याची क्रिया वेगाने होते. ५, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना नमुने घेतले तर बहुतांश धातू पहिल्या पंधरा-तीस मिनिटांतच गेलेला दिसतो. तासांनंतरही आकडा सावकाश चढत राहिला तर पेशी जिवंत आहेत आणि धातू आत घेत आहेत, किंवा कुठेतरी साका होत आहे, असा संशय घ्यावा.

वेळ झाल्यावर सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रावण काढून घ्यावे. फिल्टर वापरायचा असेल तर पहिले दोन-तीन मि.लि. टाकून द्यावेत, कारण फिल्टरचे पटलही सुरुवातीला धातू धरते. नमुन्यात १ टक्का नायट्रिक आम्ल होईल इतके आम्ल घालून अणुशोषण वर्णपटमापीवर वाचन घ्यावे : तांब्यासाठी ३२४.८, कॅडमियमसाठी २२८.८ आणि शिशासाठी २८३.३ नॅनोमीटर. प्रमाणित द्रावणे साध्या पाण्यात न करता त्याच ०.१ मोलर सोडियम नायट्रेटमध्ये करावीत.

आता हिशेब. समजा शिशाचे सुरुवातीचे प्रमाण लिटरला १० मि.ग्रॅ. होते, पेशींच्या नळीत ४ उरले आणि पेशी नसलेल्या नळीत ९.४ आढळले. तेव्हा पेशींनी घेतलेले शिसे १० वजा ४ नव्हे, तर ९.४ वजा ४, म्हणजे लिटरला ५.४ मि.ग्रॅ.; पेशी लिटरला १ ग्रॅम असल्याने ग्रॅमला ५.४ मि.ग्रॅ. हा आकडा लगेच मोलमध्ये बदलावा. शिशाचा अणुभार २०७.२ असल्याने हे ग्रॅमला सुमारे २६ मायक्रोमोल होतात. तांबे तेवढेच, ५.४ मि.ग्रॅ., बसले असते तर ते ८५ मायक्रोमोल झाले असते. मिलिग्रॅममध्ये तुलना केली की शिसे नेहमीच जिंकल्यासारखे दिसते, ते केवळ त्याचा अणू जड आहे म्हणून. भिंतीवरच्या जागा मोजायच्या असतील तर आयनांची संख्या मोजली पाहिजे, त्यांचे वजन नव्हे.

कोणत्या गटाने धरले हे कसे ओळखावे

कार्बोडायइमाइडने कार्बोक्सिल गट झाकून पुन्हा मोजणे हा जुना आणि अजूनही चालणारा मार्ग आहे. बेव्हरिज आणि मरे यांनी १९८० साली बॅसिलस सबटिलिसच्या भित्तिकांवर हेच केले, आणि कार्बोक्सिल झाकल्यावर धातू घेण्याचे प्रमाण फार घटले. अमाइन गट झाकल्याने तसे झाले नाही. पुढे १९८२ मध्ये त्याच वंशातील बॅसिलस लायकेनिफॉर्मिसवर काम झाले तेव्हा मात्र टायकोइक आणि टायक्युरोनिक आम्लेच मुख्य जागा असल्याचे दिसले. दोन भाऊ, दोन निराळी उत्तरे. त्यामुळे एका प्रजातीवर आलेले उत्तर सगळ्या ग्रॅम-धन जिवाणूंच्या नावावर लिहू नये.

ग्रॅम-धन जिवाणू ग्रॅम-ऋणापेक्षा नेहमीच जास्त धातू बांधतो, हे पाठ्यपुस्तकी वाक्यही जपून वापरावे. वेगळ्या काढलेल्या भित्तिकांवर हा फरक मोठा दिसतो. पण नाथन यी आणि फाइन यांनी २००१ साली अनेक प्रजातींच्या अखंड पेशींवर कॅडमियमचे अधिशोषण तपासले, तेव्हा सामूबरोबर बदलणाऱ्या वक्ररेषा एकमेकींच्या बऱ्याच जवळ आल्या. सुटी भिंत आणि अखंड पेशी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण कोणती मोजली हे शीर्षकातच लिहिलेले बरे.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. जिवंत, ऊर्जाक्षम पेशी मेलेल्या पेशीपेक्षा जास्त धातू धरत असेल अशी सर्वसाधारण समजूत असते. १९९२ मध्ये बेव्हरिज यांच्या सहभागाने झालेल्या कामात बॅसिलस सबटिलिसबाबत उलटे दिसले. जिवंत पेशी श्वसन करताना पटलातून प्रोटॉन बाहेर ढकलते, ते भिंतीतील जागांवर धातूशी स्पर्धा करतात, आणि प्रोटॉनचा हा पंप बंद पाडला की भिंत अधिक धातू घेते. म्हणून जिवंत आणि मृत पेशींची तुलना करणारी एक जोडी प्रयोगात जरूर ठेवावी. पेशी निष्क्रिय करण्यासाठी ४ अंशांवर काम करणे हा सर्वांत सुरक्षित उपाय. सोडियम अझाइड वापरण्याचा मोह टाळावा, कारण तांबे, शिसे यांसारख्या धातूंची अझाइडे स्फोटक असतात आणि आम्लात अझाइडपासून विषारी वायू सुटतो. उष्णतेने मारलेल्या पेशींच्या भिंती फुटून आतील द्रव्ये बाहेर येतात, हेही विसरू नये.

आत किती आणि बाहेर किती हे ढोबळपणे पाहायचे असल्यास धातू बसल्यानंतरच्या पेलेटला १० मिलिमोलर ईडीटीएने पाच मिनिटे धुवावे. सुटून आलेला धातू पृष्ठभागावरचा आणि उरलेला आतला किंवा घट्ट साकळलेला, असे धरता येते. सुरुवातीला ईडीटीए टाळायला सांगून इथे वापरायला सांगणे विसंगत वाटेल. फरक असा की इथे अधिशोषण होऊन गेलेले असते, आणि बाह्यपटलाचा काही भाग सुटला तरी त्याच्याबरोबर आलेला धातू बाहेरचाच असतो.

बाधा मोजणे

येथून पुढे प्रयोगाची मांडणी पूर्ण बदलते, कारण आता पेशींना वाढू द्यायचे असते आणि वाढीला अन्न लागते. जिवाणू वाढवण्याचे नेहमीचे एलबी माध्यम या कामाला वाईट. त्यातील पेप्टाइडे आणि अमिनो आम्ले तांब्यासारख्या धातूंना घट्ट धरतात, त्यामुळे पेशीला मोकळा आयन फार थोडा भेटतो आणि सहनशक्तीचा आकडा फुगतो. शक्य तितके साधे खनिज माध्यम घ्यावे, त्यात मॉप्स बफर ठेवावा आणि अजैविक फॉस्फेटऐवजी बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट द्यावे, म्हणजे धातूचे फॉस्फेट साकळत नाही. नीस यांच्या तक्त्यातील आकडे ट्रिस बफर असलेल्या खनिज माध्यमातील आहेत. एलबीवरचा आपला आकडा त्यांच्याशी ताडून पाहू नये.

धातूच्या दुपटीने वाढणाऱ्या मात्रांची मालिका लावावी, प्रत्येक मात्रेला पेशी नसलेली एक नळी ठेवून तिच्यात गढूळपणा येत नाही ना ते पाहावे, कारण साक्याचा गढूळपणा वाढ समजून वाचला जातो. सुरुवातीला मि.लि.ला सुमारे ५ लाख पेशी घालाव्यात. हा आकडा का पाळायचा ते थोड्या गणिताने स्पष्ट होते, आणि या संपूर्ण विषयाची कळ याच गणितात आहे.

कोलायच्या एका पेशीचे शुष्क वजन ढोबळ मानाने ०.३ पिकोग्रॅम धरू. मि.लि.ला ५ लाख पेशी म्हणजे लिटरला ०.१५ मि.ग्रॅ. वस्तुमान. आवरणाने ग्रॅमला १०० मायक्रोमोल, म्हणजे बऱ्यापैकी भरपूर, धातू बांधला असे समजले तरी लिटरमागे फक्त ०.०१५ मायक्रोमोल धातू पेशींवर बसेल. कॅडमियमची घातक मात्रा ५०० मायक्रोमोलर आहे. त्यातील हा वाटा एक लाखात तीन भाग इतका. इतक्या विरळ पेशींच्या भिंतींनी सारे कॅडमियम टिपून घेऊन पेशीला वाचवले, असे म्हणणे म्हणजे टिपकागदाने विहीर कोरडी करण्यासारखे आहे. शिवाय भिंतीवरचा धातू भोवतालच्या द्रावणाशी साम्यावस्थेत असतो. जागा भरल्या की आतल्या पटलाला भेटणारा मोकळा आयन बाहेरच्याइतकाच राहतो.

आता पेशी मि.लि.ला १०० कोटी घ्याव्यात. वस्तुमान लिटरला ०.३ ग्रॅम होते आणि त्याच हिशेबाने ३० मायक्रोमोल धातू पेशींवर बसू शकतो. पाऱ्याची घातक मात्रा १० मायक्रोमोलर असल्यामुळे येथे आवरण सगळाच पारा गिळू शकेल आणि कल्चर तगून राहील. जिवाणू तोच, भिंत तीच, फक्त गर्दी वाढली. म्हणून दोन प्रजातींची सहनशक्ती ताडताना पेशींची संख्या सारखी नसेल तर तो प्रयोग प्रजातींची नव्हे, गर्दीची तुलना करतो. ही मोजणी स्वतः करून पाहण्यासाठी एकच मात्रा कायम ठेवून पेशींची संख्या दसपटीने वाढवत न्यावी. कोणत्या टप्प्यावर वाढ सुरू होते ते पाहिले की भिंतीच्या संरक्षणाची मर्यादा हाती येते.

विरळ पेशींतही जर एक जिवाणू तगला आणि दुसरा मेला, तर कारण चिकटण्यात न शोधता दारांमध्ये शोधावे. कॅडमियम अनेक जिवाणूंत मँगनीजच्या वाहकातून आत शिरते, म्हणून माध्यमात मँगनीज वाढवून बाधा कमी होते का ते पाहणे हा स्वस्त आणि बोलका प्रयोग आहे. एकदा आत आल्यावर ते बाहेर फेकणारे पंप असतील तर पेशी वाचते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पीआय-२५८ या प्लास्मिडवरील (गुणसूत्राबाहेरच्या डीएनए-वलयावरील) कॅड-ए हा असाच पंप आहे. ग्रॅम-ऋण जिवाणूंपैकी बेल्जियममधील जस्त कारखान्याच्या निवळण-टाकीतून मिळालेल्या क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरान्स सीएच-३४ या वाणात सीझेडसी नावाची यंत्रणा कोबाल्ट, जस्त आणि कॅडमियम आतील पटलापासून बाह्यपटलापलीकडे नेऊन टाकते. म्हणजे येथेही आवरणाचेच काम आहे, पण ते धरण्याचे नसून हाकलण्याचे आहे. चांदीच्या बाबतीत निकाइदो यांच्या गटाने १९९७ मध्ये कोलायचे चांदी-प्रतिरोधक उत्परिवर्ती तपासले, तेव्हा त्यांच्यात बाह्यपटलातील पोरिन, म्हणजे छिद्रे बनवणारी, प्रथिने उणी होती आणि चांदी बाहेर फेकण्याची क्रिया वाढलेली होती : येण्याचे दार अरुंद आणि जाण्याचे रुंद.

दोन्ही आकडे समोरासमोर

प्रत्येक मात्रेला द्रावणात उरलेला धातू आणि पेशींवर बसलेला धातू, दोन्ही मोजलेले असतील तर वाढीचा दर दोन वेगवेगळ्या आलेखांवर मांडावा. एकात आडव्या अक्षावर पेशीच्या ग्रॅममागे बसलेला धातू घ्यावा, दुसऱ्यात द्रावणातील उरलेला. वेगवेगळ्या पेशीसंख्यांचे बिंदू दुसऱ्या आलेखात एका रेषेवर येत असतील तर बाधा द्रावणातील मोकळ्या आयनाने ठरते आणि आवरणाचे काम केवळ तो कमी करण्याचे आहे. बिंदू पहिल्या आलेखातच नीट जुळत असतील तर पृष्ठभागावर बसलेला धातूच इजा करत असण्याची शक्यता धरावी आणि पटल फुटले आहे का ते तपासावे. बाहेर गळलेले पोटॅशियम मोजणे हा त्यासाठी सोपा मार्ग आहे. साम्यावस्थेत दोन्ही राशी एकमेकींशी बांधलेल्या असल्याने एकाच पेशीसंख्येवर हा निवाडा होत नाही, म्हणून किमान तीन संख्या घ्याव्यात.

टिकलेल्या पेशी प्लेटवर मोजताना नमुना विरल करण्यापूर्वी पृष्ठभागावरचा धातू धुऊन काढावा, नाहीतर तो प्लेटवरही काम करत राहतो आणि मृत्यूचा आकडा फुगतो. ग्रॅम-धन पेशींना यासाठी ईडीटीए चालेल; ग्रॅम-ऋण पेशींना मॅग्नेशियम असलेल्या नायट्रेट द्रावणाने दोनदा धुणे बरे.

पाऱ्यावरचे प्रयोग सराव नसताना आणि धूरपेटीशिवाय करू नयेत. मेर ही पारा-प्रतिरोधाची जनुके असलेला जिवाणू पाऱ्याचे आयन वाफेत बदलतो आणि ती वाफ खोलीत येते. शिसे आणि कॅडमियम यांची उरलेली द्रावणे, पेलेट आणि भांडी धुतलेले पहिले पाणी बेसिनमध्ये ओतू नये. ती नाव व तारीख लिहिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये आम्लधर्मी ठेवून साठवावीत आणि महाविद्यालयाच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावीत.